विल्डबीस्ट ते काळवीट : माळावरचा कळप मुलांना कसा दाखवायचा?



परिसर अभ्यासात प्राण्यांचा पाठ घेताना हल्ली एक अडचण येते. मुलं आपल्याआधीच मोबाईलवर सगळं पाहून आलेली असतात. त्यात विल्डबीस्टचा व्हिडिओ तर जवळपास प्रत्येकाने पाहिलेला असतो. आफ्रिकेतली नदी, काठावर हजारो काळपट जनावरं, एकाने उडी मारली की मागोमाग सगळे, आणि पाण्यात मगर. अर्ध्या मिनिटात गोष्ट संपते. मग विल्डबीस्ट म्हणजे मगरीचा खाऊ, एवढंच मुलांच्या डोक्यात राहतं.

माझ्या चौथीच्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका मुलीने सरळ विचारलं, "बाई, हे बघायला जायला किती पैसे लागतात?" माणशी लाखांत लागतात हे ऐकल्यावर वर्ग जरा गप्प झाला. नायगावच्या आमच्या शाळेतली बहुतेक मुलं रिक्षावाले, कंपनीतले कामगार, खाडीवर जाणारे, घरकाम करणाऱ्या आया यांची. मी स्वतःही केनियाला गेलेले नाही. पण म्हणून विषय सोडायचा का? विल्डबीस्टचा एक नातेवाईक आपल्याच राज्यात कळपाने राहतो, आणि त्याला पाहायला विमान लागत नाही. तो म्हणजे काळवीट. हा लेख त्या दोघांना एकत्र शिकवण्याबद्दल आहे.

आधी ओळख करून देऊ

विल्डबीस्टचं चित्र फळ्यावर लावलं की मुलं हसतात. तोंड गाईसारखं लांबट, शिंगं बैलासारखी, हनुवटीला दाढी, मानेवर आणि शेपटीला घोड्यासारखे केस, आणि पाठीचा उतार मागे खाली गेलेला. एक मुलगा म्हणाला, "उरलेले पार्ट जोडून बनवलाय." नावसुद्धा तसंच पडलं. दक्षिण आफ्रिकेत वस्ती करणाऱ्या डच लोकांनी त्याला 'रानटी जनावर' अशा अर्थाचं नाव दिलं. त्याचं दुसरं नाव 'नू'. ते तिथल्या मूळच्या खोइखोई लोकांच्या भाषेतून आलं आहे.

इथे एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचा सगळा पाठ तिच्यावर उभा आहे. आपण चितळ, सांबर, काळवीट, चिंकारा या सगळ्यांना सरसकट 'हरीण' म्हणतो. बोलताना चालतं, पण शिकवताना दोन गट वेगळे करावे लागतात. चितळ आणि सांबराच्या नराची शिंगं फांद्याफांद्यांची असतात, ठराविक काळाने गळून पडतात आणि पुन्हा नवी येतात. काळवीट, चिंकारा, नीलगाय आणि आफ्रिकेतला विल्डबीस्ट यांची शिंगं मात्र आयुष्यभर तीच. त्यांना फांद्या फुटत नाहीत, आणि आत हाडाचा गाभा व बाहेर नखासारख्या पदार्थाचं आवरण असतं. या दुसऱ्या गटाला मराठीत कुरंग असा शब्द आहे. कुरंग हे गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्याच कुळातले. मुलांना सांगा, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात दिसतं ते चितळ हे काळविटापेक्षा वेगळ्या घरातलं आहे, आणि गोठ्यातली गाय मात्र काळविटाची भावकी आहे. हे वाक्य मुलांना फार आवडतं. पुढे ते उपयोगीही पडणार आहे.

ज्यांना आफ्रिकेला जाणं शक्य आहे त्यांच्यासाठी

अलीकडे सहलींच्या कंपन्यांबरोबर केनियाला जाणारी मराठी कुटुंबं बरीच आहेत, त्यामुळे हा भाग त्यांच्यासाठी. बाकीच्यांनीही वाचा, कारण वर्गात सांगायला लागतो.

विल्डबीस्टचे सर्वांत मोठे कळप टांझानियातल्या सेरेंगेटीत आणि त्याला लागून असलेल्या केनियातल्या मसाई मारात असतात. विमानातून केलेल्या मोजण्यांवरून त्यांची संख्या 13 लाखांच्या आसपास सांगितली जाते. बरोबर लाखोंनी झेब्रे आणि छोटे कुरंग. हे कळप एका जागी राहत नाहीत. जानेवारी ते मार्च ते सेरेंगेटीच्या दक्षिणेला, अगदी आखूड गवताच्या मैदानात असतात. पुढे पाऊस थांबून तिथलं गवत सुकलं की उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे सरकतात. साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात ते मारा नदीच्या परिसरात असतात, आणि नोव्हेंबरच्या पावसाबरोबर पुन्हा दक्षिणेला वळतात. म्हणजे व्हिडिओतली ती उडी हा वर्षभराच्या फेऱ्यातला छोटासा तुकडा आहे. बाकीचे दिवस विल्डबीस्ट काय करतो? चरतो, रवंथ करतो, चालतो, आणि पुन्हा चरतो.

मगरीचंही असंच. मारा नदीत दरवर्षी सरासरी सहा हजारांवर विल्डबीस्ट बुडून मरतात, बहुतेक गर्दीत आणि जोरदार प्रवाहात. त्यातला मगरींच्या पोटात जाणारा वाटा अगदी थोडा. बाकीचं गिधाडं, मासे आणि नदीचं पाणी यांच्या वाट्याला जातं, आणि हाडं वर्षानुवर्षं तळाशी विरघळत राहतात. नदीला मिळणारं ते खतच. हे सांगितल्यावर मुलांचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

माझं मत विचाराल तर मुलांना घेऊन जायचं असेल तर नदी ओलांडण्याच्या मोसमापेक्षा फेब्रुवारीत दक्षिण सेरेंगेटीला जाणं चांगलं. त्या दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्माला येतात. जन्मलेलं पिल्लू दहा मिनिटांच्या आत उभं राहतं आणि लगेच आईमागे पळायला लागतं. नदीकाठी मात्र गाड्यांची एवढी गर्दी होते की कधीकधी कळपाला उतरायला वाटच उरत नाही. तुमची गाडी काठावर पुढे घेऊ नका, असं चालकाला आधीच सांगून ठेवा.

गाईची लस आणि विल्डबीस्ट

पाठ्यपुस्तकात कधी न सापडणारी एक गोष्ट इथे सांगते. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला बुळकांडी हा शब्द माहीत होता. गाई-बैलांचा हा भयंकर साथीचा रोग. 1890 च्या दशकात ही साथ आफ्रिकेत पसरली आणि तिथल्या गुरांचे कळपच्या कळप नाहीसे झाले. मसाई लोक गुरांवरच जगणारे, त्यांच्यात मोठी उपासमार झाली. आणि गाईच्या कुळातला म्हणून विल्डबीस्टलाही हा रोग झाला. म्हणून मघाशी भावकी पक्की करून घ्यायला सांगितली होती.

1960 च्या सुमारास सेरेंगेटीत जेमतेम अडीच लाख विल्डबीस्ट उरले होते. त्या सुमारास आजूबाजूच्या पाळीव गुरांना लस देण्यात आली. रानातल्या एकाही विल्डबीस्टला सुई टोचली नाही. फक्त गाईंमधला रोग थांबला, तसा तो रानातूनही गेला. 1977 पर्यंत विल्डबीस्ट 13 लाखांवर पोचले. ही लस तयार करण्यात केनियात काम करणारे वॉल्टर प्लोराईट यांचा मोठा वाटा होता. त्याच्याही आधी, 1920 च्या दशकात, आपल्याकडे कुमाऊंतल्या मुक्तेश्वरच्या संस्थेत एडवर्ड्स यांनी शेळ्यांमध्ये वाढवलेल्या विषाणूची लस काढली होती. 2011 मध्ये बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. माणसांचा देवी आणि गुरांचा बुळकांडी, असे दोनच रोग आजवर आपण पूर्ण संपवू शकलो आहोत.

कोविडच्या काळात लहान असलेल्या मुलांना लस हा शब्द चांगला कळतो. "गाईला दिलेली लस विल्डबीस्टला कशी लागू पडली?" हा प्रश्न वर्गात टाकून पाच मिनिटं थांबा. उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

कर्जत, पण आपलं कर्जत नव्हे

आता आपल्या राज्यात येऊ. रेहेकुरी काळवीट अभयारण्य कर्जत तालुक्यात आहे. हे ऐकलं की आपल्याकडचे लोक लगेच मध्य रेल्वेची कर्जत लोकल पकडायला निघतात! हे ते नव्हे. हे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातलं कर्जत. 1980 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्रफळ फक्त 2.17 चौरस किलोमीटर. म्हणजे साधारण दीड किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटर रुंद असा एक चौकोन समजा.

तिथे पोचायला सोपी युक्ती सांगते. अष्टविनायकांपैकी सिद्धटेक याच कर्जत तालुक्यात आहे. आपल्याकडून दरवर्षी कितीतरी कुटुंबं अष्टविनायकाला जातात, सिद्धटेकला नारळ फोडतात, भीमेच्या पाण्यात पाय बुडवतात आणि पुढच्या गणपतीला निघून जातात. त्याच यात्रेत मोरगाव असतं. मोरगावच्या मयूरेश्वराच्या नावाने बारामती तालुक्यात सुपे इथे चिंकाऱ्यांचं अभयारण्य आहे, 5.14 चौरस किलोमीटरचं, 1997 पासूनचं. चिंकारा हाही कुरंगच, काळविटापेक्षा लहान आणि बुजरा. म्हणजे दोन गणपतींच्या यात्रेत दोन कुरंग बसतात. वेळापत्रकात फक्त एक सकाळ वाढवायची.

आम्ही घरचे सहाजण दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो. सकाळी लवकर पोचलो. माझ्या भाच्याने गाडीतून उतरल्या उतरल्या विचारलं, "जंगल कुठाय?" त्याचं जंगल म्हणजे तुंगारेश्वर, डोक्यावर झाडी आणि खाली ओढा. इथे समोर पिवळं होत चाललेलं गवत, मधेमधे हिवर, बोर आणि बाभळीची खुरटी झाडं, आणि वर मोठ्ठं आभाळ. दहा मिनिटं कुणाला काहीच दिसलं नाही. मोज्यांत कुसळं मात्र भरपूर शिरली. मग गवताच्या रंगातच काहीतरी हललं. एक मान वर आली, मग दुसरी, आणि बघता बघता वीस-पंचवीस माद्या आणि पिल्लं दिसायला लागली. त्या तिथेच होत्या, आम्हाला दिसत नव्हत्या इतकंच. थोडा बाजूला एकटा काळा नर उभा होता. पाठ काळीभोर, पोट पांढरंशुभ्र, डोळ्यांभोवती पांढरी कडी, आणि स्क्रूसारखी पीळ पडलेली लांब शिंगं. भाचा कुजबुजला, "हा रंगवलाय का?"

हा रंगाचा मुद्दा मुलांकडून काढून घ्या. मादी आणि पिल्लं गवताच्या रंगाची, नर लहानपणी तसाच तपकिरी, आणि वय वाढेल तसा काळा होत जातो. मादीला बहुधा शिंगं नसतात. लपायचं कुणाला आहे आणि दिसायचं कुणाला आहे, हे रंगावरून ओळखता येतं. तो काळा नर आपली जागा राखून उभा असतो. ठराविक ठिकाणी लेंड्यांचे ढीग करून "ही हद्द माझी" असं तो दुसऱ्या नरांना सांगतो. आपल्याकडे कुंपणाला पाटी लावतात तसंच!

कळप बुजला की काय होतं तेही आम्ही पाहिलं. लांबवर कुणाची तरी मोटरसायकल फुरफुरली, आणि एका मादीने सरळ वर उडी मारली. मग दुसरीने. चेंडू टप्पे खातात तशा उड्या मारत सगळा कळप पळाला. काळवीट ताशी 80 किलोमीटरच्या आसपास वेगाने धावू शकतो. नायगावला न थांबणारी गाडी फलाटाच्या कडेने सुसाट जाते, साधारण तेवढा वेग. मग प्रश्न येतो की एवढं पळायची गरज काय? आज माळावर त्याच्यामागे लागणारा मोठा शिकारी म्हणजे लांडगा, आणि तो काही एवढा वेगवान नाही. याचं उत्तर इतिहासात आहे. या माळांवर पूर्वी चित्ता होता. राजेरजवाडे पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवायचे. कोल्हापूर संस्थानात त्यासाठी चित्ते बाळगले जात आणि ते सांभाळणारे चित्तेवान होते. 1952 मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. चित्ता गेला, पण त्याच्यापासून वाचायला कमावलेला वेग काळविटाच्या पायांत अजून आहे. 2022 मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोत नामिबियाहून चित्ते आणले, ती बातमी मुलांना आठवते. तिच्याशी हे जोडून द्या.

लपणारी पिल्लं, पळणारी पिल्लं

दोन्ही प्राणी एकत्र शिकवण्याचं खरं कारण आता सांगते. विल्डबीस्टचं पिल्लू जन्मल्यावर लगेच आईमागे पळतं. काळविटाचं पिल्लू तसं करत नाही. आई त्याला उंच गवतात बसवून ठेवते आणि स्वतः लांब चरायला जाते. पिल्लू हलत नाही, आवाज करत नाही. आई अधूनमधून येऊन पाजून जाते. असं काही दिवस चालतं आणि मग ते कळपात येतं.

मुलांना विचारा, असं वेगळं का? सेरेंगेटीच्या दक्षिणेकडचं गवत गुडघ्याइतकंही नसतं. लपायला जागाच नाही, मग पळायलाच हवं. शिवाय हजारो पिल्लं एकाच वेळी जन्मल्यावर तरस आणि सिंह खाऊन खाऊन किती खाणार? काळविटाकडे हजारोंचा कळप नाही, पण त्याच्याकडे गवत आहे. ते गवतच त्याचा पाळणा. कुणी "हे काय वाळलेलं गवत, पेटवून टाका" म्हटलं, की त्याचा अर्थ काय होतो हे मुलांना आपोआप कळतं. सांगावं लागत नाही.

याच गोष्टीवरून मैदानावर एक खेळ घेता येतो. अर्धी मुलं 'लपणारी', खाली बसून अजिबात हलायचं नाही. अर्धी 'पळणारी', ती घोळक्याने एका रेषेकडून दुसऱ्या रेषेकडे जाणार. दोन मुलं लांडगे. पहिल्या फेरीत मैदान मोकळं ठेवा, दुसऱ्या फेरीत दप्तरं, बाक, पत्र्याची डबडी मधे ठेवून आडोसा करा. कुठल्या फेरीत कोण वाचतं ते फळ्यावर लिहा. आमच्याकडे मोकळ्या मैदानात लपणारे पटापट बाद झाले, आणि आडोसा आल्यावर उलटं झालं. वीस मिनिटांत होणारा खेळ आहे. पहिलीपासून चौथीपर्यंत सगळ्यांना जमतो.

"इथे काही नाही" असलेली जागा

रेहेकुरीहून परतताना वाटेत चहाला थांबलो. टपरीवाल्या काकांनी विचारलं, कुठून आलात? सांगितल्यावर म्हणाले, "तिथं काय बघितलं? माळच तर हाय नुसता." हेच वाक्य मला नीट वर्गात न्यायचं होतं.

आपण मुलांना जंगल शिकवतो ते झाडांचं. निसर्गचित्र काढा म्हटलं की दोन डोंगर, मधून सूर्य, नदी आणि नारळाचं झाड. माळरान कुणी काढत नाही. आपली भाषासुद्धा तशीच. सातबाऱ्यावर पिकाखाली न येणारी जमीन 'पोटखराबा' म्हणून लिहिली जाते. सरकारी नकाशांत उघड्या माळांचा मोठा भाग 'पडीक जमीन' या सदरात मोडतो. खराबा आणि पडीक म्हटल्यावर तिथे काहीतरी 'करावं'सं सगळ्यांना वाटतं. मग कारखाना येतो, सौर ऊर्जेचे पत्रे येतात, किंवा अगदी चांगल्या हेतूने झाडं लावली जातात.

झाडांच्या बाबतीत मला आपल्या शिक्षकांशी स्पष्ट बोलायचं आहे. 2016 पासून राज्यात मोठ्या वृक्षलागवड मोहिमा झाल्या. पहिल्या वर्षी 2 कोटी, मग 4, 13 आणि 2019 ला 33 कोटींचं लक्ष्य होतं. आपण सगळ्या शाळा त्यात होतो, खड्डे खणले, फोटो काढले. आपल्या कोकणपट्टीत, जिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे झाड लावणं योग्यच आहे. पण कर्जत-सोलापूरकडचा माळ सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. तिथे पाऊस साधारण पाच-सहाशे मिलिमीटर. त्या जमिनीवर हजारो वर्षं गवतच वाढत आलं आहे. तिथे गिरिपुष्पासारखी झाडं दाट लावली की सावली पडते, गवत मरतं, आणि काळविटाला लांबून लांडगा दिसेनासा होतो. त्याचं सगळं संरक्षण लांबवर बघण्यात आणि पळण्यात आहे. माळढोकाचंही तेच झालं. नान्नजला 1979 मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं, आणि आज आपल्या राज्यात हा पक्षी जवळजवळ संपला आहे. त्याला एकच कारण नाही, पण मोकळे माळ कमी होत जाणं हे मोठं कारण आहे. म्हणून 'झाडे लावा' शिकवताना 'कुठे?' हा शब्द जोडा, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसऱ्या बाजूलाही न्याय द्यायला हवा. सव्वादोन चौरस किलोमीटरमध्ये कळप मावत नाही, तो बाहेर शेतात जातो. रात्रीत ज्वारी किंवा हरभरा खाल्ला गेला तर शेतकऱ्याने काय करायचं? वनखात्याकडून भरपाई मिळते, पण त्यासाठी अर्ज, पंचनामा, हेलपाटे आले. वर्गात वादविवाद घ्यायचा असेल तर हा विषय घ्या. एक गट शेतकरी, एक गट काळवीट. आमच्याकडे शेतकऱ्यांचा गट जिंकला होता, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही.

माळावर फक्त रानटी कळप नसतात हेही सांगा. धनगरांची मेंढरं याच माळांवर चरतात. पावसाळा संपला की त्यातले कितीतरी वाडे घाट उतरून कोकणात येतात, भातकापणी झालेल्या खाचरांत मेंढरं बसवतात, शेताला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. पुढच्या पावसाच्या बेताने ते परत वर जातात. पाऊस आणि गवत यांच्यामागे चालणारा कळप, वर्षाचा ठरलेला फेरा. विल्डबीस्टचा नकाशा फळ्यावर काढाल तेव्हा शेजारी हाही नकाशा काढा. दोन्ही बाण कसे फिरतात ते मुलं स्वतः बघतील.

आणि आपलं नायगाव? भाईंदरहून गाडी खाडीवर आली की पाणजू बेट दिसतं, मग खाजण, मग मिठागरं. पूर्वेला आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची घरं त्यांतच आहेत, त्यामुळे बिल्डिंगी वाईट असं मी मुलांना सांगत नाही. पण मिठागराकडे बोट दाखवून "तिथे काय आहे?" विचारलं, तर आधी उत्तर आलं, "काही नाही, रिकामं." मग थंडीत कुरव येतात ते कुणाला तरी आठवलं, मग चिखलातले निवटे, मग एकाच्या आजोबांनी मिठागरावर काम केलं होतं ते. 'काही नाही'ची यादी वहीच्या दोन पानांवर गेली.

आफ्रिकेतही हेच चाललं आहे, हे मोठ्या मुलांना सांगता येईल. नैरोबी शहराच्या दक्षिणेला आथी-कापुतीचं मैदान आहे. 1970 च्या दशकात तिथे पंचवीस-तीस हजार विल्डबीस्ट असायचे. शहर वाढलं, जमिनीचे तुकडे पडले, कुंपणं आली, रस्ते आले, आणि कळप काही हजारांवर आला. सेरेंगेटीतला 13 लाखांचा कळप आणि हा कळप, प्राणी तोच आहे. फरक आहे तो मधे कुंपण असण्या-नसण्याचा.

गणिताच्या तासाला

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान 14,763 चौरस किलोमीटर. आपला पालघर जिल्हा सुमारे 5,300. म्हणजे किती पालघर बसतील? पावणेतीनच्या आसपास उत्तर येतं. आणि रेहेकुरी किती बसतील? 14,763 भागिले 2.17. चौथीला दशांश अवघड जातो, तेव्हा 2 ने भागून अंदाज काढू द्या. उत्तर हजारांत आलं की मुलं स्वतःच म्हणतात, "बाई, काळविटांना फारच कमी दिलंय." मी त्यावर काही बोलत नाही, पुढचं गणित देते.

जाणार असाल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा काळ. उन्हाळ्यात तिथलं ऊन मुलांना सोसत नाही. सूर्योदयाच्या आसपास पोचा, दहानंतर जनावरं सावलीला बसतात. आत जाण्याआधी वनविभागाच्या चौकीत विचारा, वेळा आणि नियम तिथेच कळतील. रेल्वेने जाणार असाल तर दौंड किंवा अहिल्यानगरपर्यंत गाडी आणि पुढे रस्ता. लाल, पांढरे, चमकणारे कपडे नकोत, मातकट रंग बरे. पूर्ण पायघोळ पँट घाला, कुसळांचा त्रास वाचेल. वेफर्सची पिशवी गाडीतच राहू दे, तिच्या आवाजाने आमच्याच पहिल्या कळपाने माना वर केल्या होत्या.

मुलांच्या हातात वही द्या आणि तीनच गोष्टी लिहायला सांगा : पहिला प्राणी दिसायला किती मिनिटं लागली, कळपात शिंगं असलेले किती आणि नसलेले किती, आणि कळपाने आपल्याला आधी पाहिलं की आपण त्याला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक मुलाचं वेगळं येतं आणि परतीच्या गाडीत त्यावरून भांडणं होतात, तेवढी तयारी ठेवा. दुर्बीण असेल तर उत्तम. एकच असेल तर पाळी लावा, आणि लहान भावंडाला पहिली द्या, कारण दहा मिनिटांनी त्याला भूक लागलेली असते.